नाव ठेवावं, नावं ठेवू नयेत



जून महिना आला की आमच्या शाळेत पहिलीचे नवीन प्रवेश सुरू होतात. बाहेर पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्या, आणि टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर. एकेक पालक पुढे येतो, जन्मदाखला आणि आधार कार्ड समोर ठेवतो आणि मी नाव लिहून घेते. विहान, अन्वी, रुद्रांश, मायरा, शिवांश, कियारा. पेन दर दोन नावांमागे थांबतं. "वेलांटी पहिली की दुसरी?" "श पोटफोड्या ना?" असं विचारावं लागतं. कधी कधी बाबा आईकडे बघतात, आई बाबांकडे बघते, आणि मग मोबाईल उघडून खात्री केली जाते.

त्याच कपाटात खालच्या कप्प्यात जुनी रजिस्टरं आहेत. पानं पिवळी पडली आहेत, कडा कुरतडल्या आहेत. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या शाळेची नोंद हवी म्हणून लोक येतात, तेव्हा ती बाहेर काढावी लागतात. त्यांत धोंडू आहे, भिकू आहे, सखाराम, दत्ताराम, आत्माराम, पांडुरंग आहेत. मुली फार थोड्या. भागीरथी, अनसूया, शेवंती, चंद्रभागा. शंभर वर्षांतला फरक एकाच कपाटात वरच्या आणि खालच्या कप्प्यात ठेवलेला आहे.

आज या विषयावर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव रजिस्टरमधून बदलता येतं का?"

तिचं नाव द्वारका.

वर्गातल्या मुलांनी तिला 'द्वारकाआजी' म्हणायला सुरुवात केली होती. कोणी पाठ वाकवून काठी टेकत चालून दाखवायचं. सोनल, सानिका, तन्वी यांच्यात एकटीच द्वारका. मी मुलांना रागावले आणि तो प्रकार थांबलाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कागदोपत्री उत्तर होतं. जन्मदाखल्यापासून आधारपर्यंत सगळं बदलावं लागेल, आईबाबांना अर्ज करावा लागेल, वगैरे. ते मी सांगितलं. पण तिने खरं विचारलं होतं ते वेगळंच. माझं नाव हसण्यासारखं आहे का, हा तिचा प्रश्न होता.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे आणि 'नावं ठेवणे' म्हणजे दोष काढणे. फरक एका अनुस्वाराचा. आणि सध्या आपण पहिल्यापेक्षा दुसरंच जास्त करतो. व्हॉट्सॲपवर नवीन नावांची टिंगल करणारे विनोद फिरतात. आजीला नातवाचं नाव उच्चारता येत नाही, वगैरे. दुसरीकडे तरुण आईबाप म्हणतात, "शी, इतकं जुनाट नाव कोण ठेवतं?" दोन्हीकडचे हसतात, आणि मध्ये द्वारकासारखं एखादं पोर सापडतं.

म्हणून आधी जुनी नावं नीट समजून घेऊ या.

जुनी नावं कुठून आली?

बरीचशी नावं देवांची आणि तीर्थांची. मुलाला हाक मारताना देवाचं नाव तोंडी येईल, ही त्यामागची भावना. म्हणून राम, विठ्ठल, दत्त, नारायण. मुलींना नद्यांची आणि क्षेत्रांची नावं: गंगा, गोदावरी, यमुना, काशी, द्वारका. ज्या बाईला आयुष्यात कधी काशीला जाता आलं नसतं, तिच्या लेकीचं नाव काशी असायचं.

दुसरा प्रकार मात्र वेगळा. धोंडू, दगडू, भिकू, केरू. आज ही नावं ऐकून मुलं हसतात. पण त्यामागे हसण्यासारखं काही नव्हतं. घरात एकामागून एक मुलं दगावत. देवी, पटकी, ताप. मग पुढचं मूल जगावं म्हणून त्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं. हा धोंडा आहे, याच्याकडे काळाची नजर जाऊ नये. हे मूल आमचं नाही, भीक मागून आणलंय. हे केरात सापडलंय. आईच्या पोटातली भीती त्या नावात आहे. कुणाचं नाव अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मल्यामुळेही धोंडू पडायचं.

आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्याकडेच बघा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवणाऱ्या महर्षी कर्व्यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, त्यांचं गाव दापोलीजवळचं मुरूड. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. नाव काय? धोंडो. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय काणे याच जिल्ह्यातले. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. नाव पांडुरंग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं ते 'भिवा' असं. तो दिवस आपण शाळांमध्ये विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. म्हणजे आपल्या मातीशी नातं सांगणारी तीन भारतरत्नं, आणि नावं धोंडो, पांडुरंग, भिवा.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव. पण घरात सगळे 'बाळ' म्हणायचे आणि तेच नाव इतिहासात गेलं. त्यांना कॉलेजात गणित शिकवणारे थोर गणिती कोण? केरूनाना छत्रे. म्हणजे नावात केर आणि डोक्यात गणित!

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे नावावर काही नसतं ना?" मी म्हटलं, "नावावर यश नसतं, पण नावात माहिती असते."

पण जुनं ते सगळं सोनं नव्हे

इथे मला जुन्या नावांचं कौतुक करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. जुनी नावं सगळी प्रेमाने ठेवलेली नव्हती.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कुणाचं नाव कसं असावं याचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं, आणि शूद्राचं? तिथे 'जुगुप्सित' असा शब्द आहे. म्हणजे किळस येईल असं. चांगलं नाव ठेवण्याचा हक्कही सगळ्यांना सारखा नव्हता. म्हणून १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर कितीतरी घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, संघमित्रा ही नावं आली. त्या काळात ती 'नवीन नावं' होती. ती फॅशन नव्हती, तो स्वाभिमान होता. कोणी म्हणालं असेल, "आपली जुनी नावं का सोडता?" तर त्यावर उत्तर सोपं होतं. ती नावं आम्ही निवडलेली नव्हती.

रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांच्या वडिलांचं नाव भिकू. दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचं काम ते करत. आज बारशांमध्ये 'रमा' हे नाव पुन्हा ऐकू येतंय, पण 'भिकू' कोणी ठेवणार नाही. आणि ठेवूही नये. जी भीती संपली तिचं नाव चालू ठेवायची गरज नाही.

आणि 'नकुशा'? मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नको असलेली' हेच तिचं नाव. शाळेत रोज हजेरीला तिने "हजर" म्हणायचं, म्हणजे रोज एकदा मान्य करायचं की आपण नकोशा आहोत. २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशांची नावं समारंभपूर्वक बदलली. मुलींनी स्वतः नवीन नावं निवडली. ही काही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. म्हणून "जुनी नावं किती गोड होती" असं कोणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणाची?

नवीन नावांचं काय?

नाटक-सिनेमावरून, खेळाडूंवरून नावं ठेवायची पद्धत आजची नाही. लता मंगेशकरांचं जन्माचं नाव हेमा. वडिलांच्या नाटक कंपनीतल्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झालं. सचिन तेंडुलकरचे वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून मुलाचं नाव ठेवलं, आणि पुढे त्या मुलावरून किती सचिन झाले ते आम्हा शिक्षकांना विचारा. स्वातंत्र्याच्या सुमारास सुभाष आणि जवाहर झाले. त्यानंतर विजय, अशोक, प्रकाश, मग संजय, राजेश, मग अमोल, स्वप्नील, राहुल. आज ज्यांना आपण साधी, नेहमीची नावं समजतो ती आपापल्या वेळी नवीच होती. माझ्या आजीला 'स्नेहल' हे नाव मुलाचं की मुलीचं तेच कळायचं नाही.

गंमत अशी की नवीन नावंही पुष्कळदा जुन्या वळणावरच जातात. मुलीचं नाव उच्चारायला सोपं असावं आणि शेवटी दीर्घ स्वर यावा, असं जुनी शास्त्रं सांगतात. गंगा, गोदावरी तशीच, आणि मायरा, अन्वी, कियाराही तशाच. काही जुनी नावं तर परत आली आहेत: सई, जिजा, मुक्ता, रमा. आमच्या मुस्लिम मोहल्ल्यांतल्या मुलांची नावं बघा. आयेशा, फातिमा, इब्राहिम ही नावं किती शतकांची आहेत, पण वर्गात त्यांना कोणी 'जुनाट' म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ठेवत राहिल्यामुळे ती शिळी झालीच नाहीत. म्हणजे नाव जुनं होत नाही, आपण ते सोडून देतो म्हणून ते जुनं वाटतं.

तरीही शिक्षिका म्हणून माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत, त्या सांगते.

पहिली तक्रार अर्थाची. मी दरवर्षी मुलांना विचारते, तुझ्या नावाचा अर्थ काय? पुष्कळांना माहीत नसतो. काही सांगतात, "मोबाईलवर विष्णूचं नाव असं लिहिलंय." मोबाईलवर कुठल्याही नावाचा अर्थ विष्णू किंवा लक्ष्मी असा सापडतो! पत्रिकेतलं अक्षर आलं, म्हणजे अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला, की त्या अक्षरावरून यादी काढायची आणि शेजारच्या कोणाचं नसेल ते नाव उचलायचं. अर्थ असलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण "हे नाव का ठेवलं?" या मुलाच्या प्रश्नाला आईबापाकडे एक वाक्याचं तरी खरं उत्तर असावं. "तुझ्या मावशीने सुचवलं आणि आम्हाला फार आवडलं" हेही चालेल. "यादीत होतं" हे उत्तर मुलाला कसं वाटेल?

दुसरी तक्रार लेखनाची. इंग्रजीत 'आरव'मध्ये ए एक की दोन, यावर जन्मदाखला एक सांगतो, आधार दुसरं, आणि शाळेचं रजिस्टर तिसरं. अंकशास्त्रासाठी जादा अक्षर घातलं असेल तर विचारूच नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. नाव मात्र तेव्हाच द्यायला हवं असं नाही. बारा महिन्यांपर्यंत ते फीशिवाय नोंदवता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे घाई नाही. मग नीट ठरवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेखन कागदावर लिहून पाहा, आणि सगळीकडे तेच द्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे मुख्य पुरावा आहे. पुढे मोठेपणी राजपत्रात नाव बदलून घ्यायला मुलाला लावू नका.

तिसरी तक्रार जरा व्याकरणाची आहे, पण ऐका. पूर्वी नावाला मराठीचे प्रत्यय आणि हाकेची रूपं सहज लागायची. सखारामा, गंगे, शेवंते! डोंगरातल्या वाडीतून खाली खाडीपर्यंत हाक पोचायची ती त्या शेवटच्या लांब स्वरामुळे. आज रामायणातल्या सीतेबद्दल आपण 'सीतेला' म्हणतो, पण वर्गातल्या सीताला 'सीताला' म्हणतो. भाषा बदलते, त्याला इलाज नाही. मात्र नाव ठेवण्याआधी एकदा अंगणात उभं राहून मोठ्याने हाक मारून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते उच्चारता येतं का तेही बघा. त्याला येत नसेल तर तो मुलाला 'बाळा' नाहीतर 'बाबू' म्हणेल, आणि कोकणात ते नाव साठाव्या वर्षापर्यंत चिकटतं!

बारशात एक गोष्ट अजून तशीच आहे. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देताना बायका 'गोविंद' आणि 'गोपाळ' ही नावं घेतात. मग आत्या कानात कुर्रर्र करते आणि सांगते, 'रेयांश'. घुगऱ्या वाटल्या जातात. आता गोविंद, गोपाळ ही नावं फक्त तेवढ्यापुरती उरली आहेत. मला याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण खरं वाईट वाटावं अशी गोष्ट मला नंतर कळली.

एक गृहपाठ

द्वारकाच्या प्रश्नानंतर मी वर्गाला एक गृहपाठ दिला. घरी विचारून या: आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आजीचं नाव, पणजीचं नाव. आजी आणि पणजीची दोन-दोन नावं आणायची, सासरचं आणि माहेरचं.

दोन दिवसांनी वह्या आल्या. पणजोबांचं नाव जवळजवळ सगळ्यांनी आणलं होतं. ते सोपं असतं. आजोबांच्या पूर्ण नावात मधलं नाव पणजोबांचंच असतं, आणि सातबारा काढला की त्यामागचीही दोन नावं मिळतात. आजीचं माहेरचं नाव बऱ्याच जणांनी आणलं, कारण आजी घरात होती, तिलाच विचारलं. पणजीच्या सासरच्या नावाशी गाडी अडखळली. पुष्कळांनी लिहिलं होतं, 'सगळे तिला आये म्हणायचे' किंवा 'म्हातारी म्हणायचे'. आणि पणजीचं माहेरचं नाव? रकाने रिकामे. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'बाबा म्हणाले, ते कुणाला माहीत असणार?'

माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला माहीत आहे का, असं मी मनाशी विचारलं. नाही.

मग मला कळलं की आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. पुरुषांची जुनी नावं हरवलेली नाहीत. ती मधल्या नावात, सातबाऱ्यावर, रजिस्टरात सुरक्षित आहेत. हरवली ती बायकांची. आणि तीही एकदा नाही, दोनदा. लग्नात एकदा पुसली गेली, आणि मग वंशावळीत लिहिलीच गेली नाहीत.

नाव बदलण्याची ही पद्धत किती खोल आहे बघा. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांचं मूळ गाव आपल्या लांजा तालुक्यातलं कोट. ती माहेरची मणिकर्णिका, लग्नानंतर लक्ष्मीबाई. पहिली मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी, माहेरची यमुना. रमाबाई रानडे, माहेरच्या त्याही यमुनाच. एवढंच काय, स्त्रियांसाठी झटणाऱ्या महर्षी कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह करून समाजाचा रोष पत्करला, ती देवरुखची गोदूबाई. लग्नानंतर तीही आनंदीबाई झाली. या बायका मोठ्या झाल्या, त्यांच्यावर लिहिलं गेलं, म्हणून त्यांची माहेरची नावं आपल्याला ठाऊक आहेत. बाकीच्यांचं काय झालं?

माझंही नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवीन नाव सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या. मला राग नव्हता, उलट तेव्हा गंमतच वाटली होती. पण अजून माहेरी कोणी जुन्या नावाने हाक मारली की मी चटकन वळते. सासरच्या नावाला वळायला अजून अर्धा क्षण जास्त लागतो. माझ्या नातवंडांना माझं ते पहिलं नाव माहीत असेल का?

वह्या तपासताना एकच रकाना भरलेला सापडला. द्वारकाच्या वहीत. पणजीचं सासरचं नाव: लक्ष्मी. माहेरचं नाव: द्वारका.

मी तिला उभं करून विचारलं. तिने घरी विचारून आणलं होतं ते सांगितलं. ती जन्मली तेव्हा पणजी खूप म्हातारी झाली होती, अंथरुणाला खिळलेली. बारशाची बोलणी चालली होती. मोबाईलवर नावं शोधत होते. पणजी पडल्या पडल्या म्हणाली, "माजा म्हायेरचा नाव हिला ठेवा." घरात कुणाला ते माहीतच नव्हतं. तिच्या मुलालाही नाही! सत्तर वर्षं त्या घरात ती लक्ष्मी होती. तिला विचारावं लागलं, "तुझं माहेरचं नाव काय गो?" तेव्हा तिने सांगितलं.

वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तो काठी टेकून दाखवणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे हे नाव आता कुणी विसरणार नाही."

माझं म्हणणं

तेव्हा माझं मत असं आहे. सगळ्यांनी मुलांना जुनी नावं ठेवावीत असं मी म्हणत नाही. मूल आपलं आहे, नाव तुम्ही ठेवा. विहान ठेवा, मायरा ठेवा. ते नाव तुमचं मूल आयुष्यभर वापरणार आहे, आजोबांची हौस किंवा आत्याची हौस भागवायला ते नाही. पण आपल्या आधीच्या माणसांची नावं, आणि त्यातही बायकांची नावं, माहीत करून घ्या आणि लिहून ठेवा. नाव पुढे चालवणं हा एक मार्ग झाला, लक्षात ठेवणं हा दुसरा. दुसऱ्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. ही मुलं साधारण २०३० साली पहिलीत येतील. तेव्हा रजिस्टरात प्रत्येक नावाशेजारी आईचं नाव असेल. पन्नास वर्षांनी कोणी दाखला शोधायला आलं तर त्याला आजीचं नाव शोधत बसावं लागणार नाही. पण मागच्यांसाठी असा नियम नाही. त्यांची नावं आपल्यालाच विचारून घ्यावी लागतील, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

पालकांना एवढंच सांगते. घरात नाव ठेवायचं असेल तेव्हा यादी जरूर काढा, पण मोबाईल उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ दहा मिनिटं बसा. नाव तिचंच ठेवा असं नाही. फक्त विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी सुट्टीतला उपक्रम:

१. वहीत आपली वंशावळ काढा. प्रत्येक पुरुषाच्या नावासमोर त्याच्या पत्नीचं नाव लिहा, आणि कंसात तिचं माहेरचं नाव आणि गाव.

२. आपलं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, दुसरं कोणतं नाव सुचलं होतं, ते घरी विचारून पाच-सहा ओळींत लिहा.

३. गावातल्या जुन्या नावांची यादी करा. देवांची, नद्यांची, फुलांची आणि नजर लागू नये म्हणून ठेवलेली असे गट पाडा.

४. वर्गात कोणाच्याही नावाला नावं ठेवू नका. धोंडूच्या नाही आणि रेयांशच्याही नाही.

द्वारका आता आठवीला हायस्कूलमध्ये गेली. तिचा दाखला मीच लिहिला. लिहिताना सहज विचारलं, "काय गो, नाव बदलायचं होतं ना?" ती म्हणाली, "नको बाई, राहू दे."